किशी स्थानक: मांजरीच्या आधीचा हिशेब

'बंद पडायला आलेली रेल्वे एका मांजरीने वाचवली' ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फॉरवर्ड होत होत कधीच पोचली आहे. फोटोही ठरलेला असतो: ठिपक्याठिपक्यांची मांजर आणि तिच्या डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी. गोष्ट खोटी नाही, पण ती मधूनच सुरू होते. तामा या मांजरीची नेमणूक झाली ५ जानेवारी २००७ रोजी. गाडी चालू राहणार हे त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी ठरलं होतं, आणि स्थानकावरचा शेवटचा कर्मचारी निघून नऊ महिने झाले होते. या प्रकरणात शिकण्यासारखं आहे ते बहुतेक त्या आधीच्या काळात घडलं.

जागा आणि मार्ग

किशी हे जपानच्या वाकायामा प्रांतातल्या किनोकावा शहरातलं, मार्गाच्या टोकाचं स्थानक. फलाटाला एकच बाजू, समोर एकच रूळ. आलेली गाडी त्याच रुळावरून उलटी निघते. किशीगावा लाइन वाकायामा स्थानकाच्या ९ नंबर फलाटावरून सुटते आणि १४.३ किलोमीटरमध्ये १४ स्थानकं घेते. मार्ग एकेरी, रुळांमधलं अंतर १०६७ मिलिमीटर, गाडी दोन डब्यांची. प्रवास अर्ध्या तासाहून थोडा जास्त.

मार्गाची सुरुवात १९१६ची, वाटेवरच्या तीन शिंतो देवस्थानांच्या यात्रेकरूंसाठी. किशीपर्यंत रूळ १९३३ मध्ये आले. १९६१ पासून हा मार्ग ओसाकाच्या नानकाई या मोठ्या खासगी रेल्वे कंपनीकडे होता. १९७४ मध्ये वर्षाला ३६.१ लाख प्रवासी होते, २००५ मध्ये उरले १९.२ लाख. म्हणजे दिवसाला साधारण ५,२६० जण, जाणारे-येणारे मिळून. बाकीचे मोटारीत गेले, आणि शाळकरी मुलांची संख्याही घटली. वर्षाचा तोटा ५० कोटी येनच्या घरात होता.

एक वर्षाची घंटा

जपानमध्ये २००० सालापासून रेल्वेमार्ग बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही. एक वर्ष आधी नोटीस दिली की पुरे. या प्रकरणातली सगळी घाई त्या एका नियमातून आली. नानकाईने २००३ च्या ऑक्टोबरमध्ये 'विचार चालू आहे' म्हटलं आणि २००४ च्या सप्टेंबरअखेर रीतसर नोटीस दिली. म्हणजे ३० सप्टेंबर २००५ ला गाडी बंद.

रहिवाशांनी त्याच महिन्यात संघटना काढली. वर्गणी वर्षाला १,००० येन, सभासद ६,००० च्या वर गेले. या लोकांनी निवेदनं दिली, सह्या गोळा केल्या, ते सगळीकडेच होतं. वेगळेपण घोषणेत होतं: 'गाडीत बसा आणि गाडी टिकवा'. सरकारकडे मागणं होतंच, पण त्यासोबत आपल्या सभासदांकडेही मागणं होतं. शहरातल्या दुसऱ्या एका नागरी गटाने मार्ग राखला तर काय मिळेल, बंद केला तर रस्त्यावर काय भार येईल, याचा खर्च-लाभ अहवाल २००५ च्या सुरुवातीला मांडला. गाडी जाऊ नये असं वाटणं आणि गाडी जाण्याची किंमत आकड्यात सांगणं, यांतलं दुसरंच सभागृहात उपयोगी पडतं.

फेब्रुवारी २००५ मध्ये वाकायामा प्रांत, वाकायामा शहर आणि किशीगावा गाव या तिघांचं पैशांवर एकमत झालं. मग चालवणारा कोण, यासाठी जाहीर अर्ज मागवले. ९ अर्ज आले. निवड झाली ओकायामाच्या ट्राम कंपनीची, म्हणजे र्‍योबी उद्योगसमूहाची. प्रमुख मित्सुनोबू कोजिमा. जून २००५ मध्ये 'वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वे' ही संपूर्ण मालकीची उपकंपनी उभी राहिली. चालकांचं प्रशिक्षण आणि हस्तांतर सप्टेंबरअखेर आटपणारं नव्हतं, म्हणून नानकाईने मार्च २००६ अखेरपर्यंत गाडी चालवली. मधल्या काळात, नोव्हेंबर २००५ मध्ये, किशीगावा गाव शेजारच्या चार गावांसह किनोकावा शहरात विलीन झालं, आणि गावाने दिलेला शब्द नव्या शहराच्या गळ्यात आला. तो त्यांनी पाळला.

पैशांची मांडणी

कोणी काय उचललं ते नीट वेगळं करून पाहायला हवं, कारण बहुतेक लेखांत 'सरकारी मदत मिळाली' एवढ्यावरच हा भाग आटोपतो.

रुळांखालची जमीन वाकायामा आणि किनोकावा या दोन्ही शहरांनी विकत घेतली. तिचे सुमारे २३ कोटी येन प्रांताने दिले. रूळ, तारा, इमारती आणि दोन-दोन डब्यांच्या सहा गाड्या नानकाईने फुकट दिल्या. पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी प्रांताने २४ कोटी येनपर्यंतची तरतूद केली. चालवण्यातला तोटा १० वर्षं भरून द्यायचं वाकायामा आणि किनोकावा शहरांनी कबूल केलं, ६५ आणि ३५ टक्के या प्रमाणात; पण एकूण ८२ कोटी येनच्या मर्यादेत.

सगळं या मर्यादेत आहे. ८२ कोटी भागिले १० म्हणजे वर्षाला ८.२ कोटी. जुना तोटा ५० कोटी. मधले जवळजवळ ४२ कोटी येन नव्या कंपनीने स्वतः नाहीसे करायचे होते. जमीन आपली नसल्याने तिच्यावरचा कर गेला. गाड्या फुकटात आल्याने त्यांचा घसारा गेला. मोठ्या कंपनीच्या मुख्यालयाचा वाटा आणि पगारश्रेणी गेली. आणि माणसं कमी झाली. किशीची तिकीट खिडकी बंद झाली ती या शेवटच्या ओळीत.

मर्यादेमुळे आणखी एक गोष्ट साधली. तोटा कितीही झाला तरी भरून मिळणार असेल तर कंपनी हातपाय हलवत नाही. काहीच मिळणार नसेल तर कोणी अर्जच करत नाही. वर ठराविक आकडा आणि मुदत १० वर्षं, म्हणून नऊ अर्ज आले. देखरेखीला एक समितीही नेमली: कंपनी, प्रांत, दोन्ही शहरं, रहिवासी संघटना, शाळा आणि व्यापारी, सगळ्यांची माणसं एका टेबलाभोवती. तिथे वेळापत्रकावरून वादही होतात, आणि तेच तिचं काम आहे.

माणूस काढला, काम कुठे गेलं?

१ एप्रिल २००६ ला नवी कंपनी आली आणि त्याच दिवशी किशी बिनमाणसाचं स्थानक झालं. असं स्थानक जपानमध्ये नवलाचं नाही. परिवहन मंत्रालयाच्या मोजणीप्रमाणे २०१९ च्या आर्थिक वर्षात देशातल्या ९,४६५ स्थानकांपैकी ४,५६४, म्हणजे ४८.२ टक्के, बिनमाणसांची होती. पण 'बिनमाणसाचं' म्हणजे काम संपलेलं नव्हे. तिकीट, झाडलोट, चौकशी, हरवलेल्या वस्तू, उशिराची सूचना, चढता-उतरताना मदत, रात्री दिवे: हे सगळं कोणाच्या तरी माथी जातंच. कोणाच्या, हे आधी न ठरवता खिडकी बंद केली की स्थानक वर्षभरात कळकट होतं, मग लोक संध्याकाळी तिथे उतरायला नको म्हणतात.

भाड्याचा प्रश्न किशीत सोपा गेला, कारण नानकाईने १९९५ मध्येच या मार्गावर गार्डशिवायची, एकट्या चालकाची गाडी आणली होती. पैसे गाडीत घ्यायची सोय ११ वर्षं जुनी होती. ती अशी चालते: बिनमाणसाच्या स्थानकावर पुढच्या डब्याचं मागचं दार चढण्यासाठी उघडतं. दाराशी असलेल्या यंत्रातून बोटभर कागदाची चिठ्ठी ओढून घ्यायची; तिच्यावर चढलेल्या स्थानकाचा क्रमांक असतो. चालकाच्या डोक्यावरच्या फलकात प्रत्येक क्रमांकाखाली भाडं दिसतं आणि स्थानकागणिक वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराशी यायचं, चिठ्ठी आणि भाडं पेटीत टाकायचं, किंवा पास दाखवायचा. १,००० येनची नोट आणि मोठी नाणी पेटीला जोडलेल्या यंत्रात मोडून मिळतात. त्याहून मोठी नोट चालत नाही, आणि नेमका पहिल्यांदा आलेला पाहुणा १०,००० ची नोट घेऊन उभा राहतो. सुट्टे आधी मोडायचे, मग मोजून पेटीत टाकायचे. आधीच नोट पेटीत टाकली की चालकाला मध्ये पडावं लागतं.

किशीला पोचल्यावर चालकाला टोकही बदलायचं असतं. उतारूंचं भाडं घ्यायचं, डब्यांत कोणी झोपलेलं किंवा काही विसरलेलं नाही ना ते पाहायचं, ब्रेकचं हँडल आणि दिशेची किल्ली काढून घ्यायची, दोन डब्यांची ३५ मीटरच्या आसपासची लांबी चालून दुसऱ्या टोकाला जायचं, पुढचे-मागचे दिवे आणि फलक उलटे करायचे, भाड्याचा फलक शून्यावर आणायचा. एरवी हे निवांत होतं. दोन डबे भरून पर्यटक उतरले की होत नाही. ९० माणसं एका दारातून, माणशी ५ सेकंद धरले तरी साडेसात मिनिटं गेली. मार्ग एकेरी असल्याने समोरची गाडी आधीच्या क्रॉसिंगवर खोळंबते, आणि किशीचा उशीर वाकायामापर्यंत जातो. तिथली पुढची गाडी चुकलेला विद्यार्थी मांजरीचं कौतुक करत नाही. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय दिवसभराचा पास. २०१९ च्या ऑक्टोबरपासूनच्या दरात वाकायामा-किशी एकेरी भाडं ४१० येन होतं, पास ८०० चा. जाऊन-येऊन २० येन वाचतात, वर मध्ये कुठेही उतरता येतं. आणि दाराशी पास नुसता दाखवायचा असल्याने ५ सेकंदांचा एक होतो. तो पास वाकायामालाच हातात पडला पाहिजे. किशीला विकून उपयोग नाही.

झाडलोट, फुलझाडं आणि फलाटावरचा कचरा यांत रहिवासी संघटनेने हात घातला. आणि स्थानकाला लागून एक किराणा दुकान होतं. खिडकी बंद झाल्यावर 'पुढची गाडी किती वाजता?' हे विचारायला लोक तिथे जाऊ लागले. स्थानकावर नजर ठेवणारं माणूस फुकटात मिळालं ते असं.

मांजरीची जागा

त्या दुकानदारीणबाईंच्या मांजरींचं खोपटं स्थानकाशेजारी होतं. हस्तांतरात आजूबाजूची जागा सार्वजनिक वापरासाठी मोकळी करायची ठरली आणि खोपटं हलवायची वेळ आली. उद्घाटनाच्या दिवशीच बाईंनी कोजिमांना गाठलं आणि मांजरींना स्थानकात राहू द्या म्हणून विनंती केली. कोजिमांच्या जागी दुसरा कोणी असता तर 'बघू' म्हणाला असता. त्यांनी तामाला स्टेशनमास्तर केलं. तिची आई मीको आणि चिबी नावाची तिसरी मांजर या दोघी सहायक.

नेमणूक गमतीची होती, पण अर्धवट नव्हती. हुद्दा, बिल्ला, नेमणुकीचा समारंभ, मापाची टोपी खास शिवून घेतलेली. काम: प्रवाशांचं स्वागत. पगार: वर्षभराचं मांजरीचं खाणं. पुढे २००८ मध्ये 'सुपर स्टेशनमास्तर' म्हणून बढती, त्याच वर्षी प्रांताकडून मानाची पदवी, २०१० मध्ये कंपनीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांत स्थान. प्रत्येक बढतीला बातमी, आणि बातमीला खर्च नाही. जाहिरात खात्याच्या माणसाला हेवा वाटावा असा हिशेब.

आता व्यवहाराकडे. मांजर बसली कुठे? मार्गाच्या अगदी टोकाला. तिला पाहायला आलेला माणूस १४.३ किलोमीटर जाणार, तितकेच परत येणार. म्हणजे प्रत्येक पाहुणा मार्गावरचं सर्वांत जास्त भाडं दोनदा भरणार. तो येणार सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान, ज्या वेळी विद्यार्थी-नोकरदार नसल्याने गाड्या अर्ध्या रिकाम्याच धावत होत्या. त्याच्यासाठी जादा गाडी, जादा चालक लागत नाही. हीच मांजर वाकायामापासून तिसऱ्या स्थानकावर असती, तर प्रसिद्धी तितकीच मिळाली असती आणि गल्ला निम्म्यावर आला असता.

तरी गल्ल्याचा आकडा ताणू नये. २००६ च्या आर्थिक वर्षात प्रवासी २१.१ लाख झाले. मांजर त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांपुरतीच होती, म्हणजे पहिली वाढ मुख्यतः रहिवाशांच्या मोहिमेची आणि नव्या वेळापत्रकाची. २०१५ पर्यंत आकडा २३.२ लाखांवर गेला. २००५ च्या तुलनेत ४ लाख फेऱ्यांची भर. सरासरी भाडं २०० येन धरलं तर वर्षाला ८ कोटी येन. सगळेच टोकापर्यंतचे पर्यटक होते असं उदार मनाने धरलं तर १६ कोटी. ५० कोटींच्या जुन्या तोट्यासमोर हे एक-षष्ठांश ते एक-तृतीयांश. मोठी रक्कम आहे, पण बाकीचं जमिनीच्या, फुकट गाड्यांच्या आणि कमी माणसांच्या जोरावरच भागलं.

कान्साई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ कात्सुहिरो मियामोतो यांनी तामामुळे २००७ या एका वर्षात परिसराला ११० कोटी येनचा आर्थिक लाभ झाल्याचा अंदाज मांडला होता. तो आकडा रेल्वेच्या तिजोरीतला समजून उद्धृत केला जातो, ते चूक. त्यात पर्यटकांचा इतर खर्च, मांजरीच्या वस्तू, पुस्तकं आणि प्रसिद्धीचं मोल आहे. रेल्वेने माणसं आणली, पैसे बऱ्याच जणांना मिळाले. म्हणूनच शहरांनी तोटा भरणं न्याय्य ठरतं, असा युक्तिवाद त्याच आकड्यावरून करता येतो.

रंग, लाकूड आणि साल

मांजरीच्याही आधी, ऑगस्ट २००६ मध्ये, पहिली सजवलेली गाडी आली: 'इचिगो देन्शा', स्ट्रॉबेरी गाडी. किशीगावा भाग स्ट्रॉबेरीसाठी ओळखला जातो. रचना एइजी मितोओका यांची. मूळचे ओकायामाचे, क्यूशूमधल्या गाड्यांमुळे नावाजलेले. पाठोपाठ २००७ मध्ये खेळण्यांची गाडी, २००९ मध्ये तामा गाडी, २०१६ मध्ये उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आलुबुखारवर्गीय फळाची गाडी. उमेसाठी वाकायामा देशात पहिला.

कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. चाकं, मोटारी, डब्याची चौकट यांना हात लावला नाही. तेच नानकाईचे जुने डबे. बदललं ते बाहेरचा रंग, आतली लाकडी जमीन, बाकं, पडदे, पुस्तकांची कपाटं. नव्या डब्याच्या किमतीसमोर हा खर्च किरकोळ, आणि त्यातलाही भाग देणगीदारांकडून आला. त्यांची नावं डब्यात पाटीवर लागली. आपलं नाव पाहायला माणूस निदान एकदा तरी तिकीट काढून येतो.

इमारत मात्र स्वस्तात उरकली नाही. ऑगस्ट २०१० मध्ये जुनी मोडकळीची इमारत पाडून नवी उभारली: समोरून मांजरीचा चेहरा दिसतो, छपराला दोन कान, डोळ्यांच्या जागी खिडक्या. आत स्टेशनमास्तरची काचेची खोली, कॅफे, वस्तूंचं दुकान. छप्पर हिनोकी झाडाच्या सालीचं. ही साल उभ्या झाडावरून, आतला थर न दुखवता काढतात. झाड जगतं आणि काही वर्षांनी पुन्हा साल देतं. पातळ पट्ट्या एकावर एक थोड्या सरकवून, बांबूच्या खिळ्यांनी ठोकत जायच्या. हे काम देवळं-राजवाडे शाकारणारे कारागीरच करतात, आणि तीस-चाळीस वर्षांनी छप्पर पुन्हा शाकारावं लागतं. पत्रा टाकला असता तर पैसे वाचले असते यात वाद नाही. आमच्या मते हा खर्च बरोबर होता: कॅफे आणि दुकान आल्यामुळे स्थानकात दिवसभर पगारी माणसं आली. कागदोपत्री बिनमाणसाच्या स्थानकात उजेड, स्वच्छतागृह आणि उत्तर देणारं कोणी तरी, हे तिन्ही परत मिळालं, आणि त्यांचा पगार तिकिटांतून जात नाही.

जे सुटलेलं नाही

दुकान बंद झाल्यावर आणि पहाटेच्या गाडीला किशी खरोखरच बिनमाणसाचं असतं. चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशाला फलाट आणि डबा यांच्यामध्ये फळी लागते. ती टाकायला चालकाने जागा सोडायची, किंवा कंपनीने माणूस पाठवायचा, त्यासाठी आधी कळवायचं. देशभर हाच तिढा आहे. ओइता प्रांतात अपंग प्रवाशांनी २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'आधी कळवा' या अटीविरुद्ध क्यूशूच्या रेल्वे कंपनीवर दावा लावला. २०२२ च्या जुलैमध्ये मंत्रालयाने बिनमाणसांच्या स्थानकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मांजर, कॅफे, सालीचं छप्पर यांतल्या कशानेही पहाटे साडेसहाची फळी टाकली जात नाही.

दुसरी गोष्ट यंत्रसामग्रीची. मार्गावर पूर्वी ६०० व्होल्टची वीज होती. त्या दाबाची जुनी उपकरणं मिळेनाशी झाली होती, आणि गाड्या चढावर लागल्या की दाब पडायचा. २०१२ मध्ये तो १५०० व्होल्ट केला. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह ४० टक्क्यांवर येतो आणि तारेतला अपव्यय, जो प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, १६ टक्क्यांवर. नानकाईने हे डबे मूळ १५०० व्होल्टच्या मार्गावरून आणून ६०० साठी बदलून घेतले होते, म्हणून परत फिरणं तुलनेने सोपं गेलं. या कामाचा फोटो कोणी काढला नाही. पण सबस्टेशन, स्लीपर, सिग्नल यांवरच पुढचे पैसे जाणार, हे तेव्हापासून दिसत होतं.

तिसरी गोष्ट मांजर सजीव आहे ही. तामा १९९९ ची, म्हणजे नेमणुकीच्या वेळीच सात वर्षांची. उन्हाळ्यात काचेची खोली थंड ठेवावी लागते, फ्लॅश मारू द्यायचा नाही, हात लावू द्यायचा नाही, सुट्टीचे वार ठरवून आधी जाहीर करायचे. नाहीतर परदेशातून आलेलं कुटुंब रिकाम्या खोलीपुढे उभं राहतं. कंपनीने वारसाची सोय वेळेत केली हे या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल. नितामा या दुसऱ्या मांजरीला २०१२ च्या जानेवारीत याच मार्गावरच्या इदाकिसोला, जिथे कंपनीचा डेपो आहे, स्टेशनमास्तर नेमलं, तामा हयात असतानाच. २२ जून २०१५ ला तामा गेली. शिंतो पद्धतीच्या अंत्यविधीला सुमारे ३,००० लोक आले, तिला 'तामा दाइम्योजिन' म्हणून देवत्व मिळालं आणि फलाटावर छोटं देऊळ झालं. त्याच ऑगस्टमध्ये नितामा किशीला रुजू झाली, पाहुणे तुटले नाहीत. २०१७ मध्ये इदाकिसोला योनतामा आली. जपानीत 'नि' म्हणजे दोन, 'योन' म्हणजे चार; मधला तिसरा क्रमांक का गायब, तर ती उमेदवार प्रशिक्षणाला ओकायामाला गेली आणि तिथल्या लोकांनी तिला परत सोडलीच नाही.

नकला पुष्कळ झाल्या. आइझुवाकामात्सु शहरातल्या आशिनोमाकी-ओनसेन स्थानकाने २००८ मध्ये 'बस' नावाच्या मांजरीला मानद स्टेशनमास्तर केलं. तिथे स्थानक सांभाळायला गावातली माणसं होती म्हणून ते टिकलं. जिथे प्राण्याची काळजी घेणारं ठराविक माणूस नव्हतं, तिथे हौस एका मोसमापुरती.

तोटा भरून द्यायची १० वर्षं २०१६ च्या मार्चमध्ये संपली. पुढची मदत मुख्यतः रूळ, वीज आणि गाड्यांच्या दुरुस्तीकडे वळवली गेली. रोजचा खर्च कंपनीने भाड्यातून काढायचा. ही विभागणी चार वर्षंही सुरळीत चालते न चालते तोच २०२० च्या साथीत दुपारचे पाहुणे थांबले. पासधारक विद्यार्थी आणि नोकरदार हळूहळू परतले, पण ते बहुतेक सवलतीच्या भाड्यावर जाणारे. टोकापर्यंत पूर्ण भाडं भरणारे आधी गेले आणि सर्वांत शेवटी आले, आणि त्या काळातही स्लीपर ठरल्या वेळीच बदलावे लागले.